नकाराची जागा

उदयनदादाने आपणहून फोन केला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे वैजयंतीच्या लक्षात आलं. एरवी सणावाराला फोन व्हायचे, पण ते तिने करायचे आणि त्याने ‘हो, बरं आहे, ठेवतो’ एवढ्यावर आटोपायचे, अशी गेल्या कित्येक वर्षांची रीत पडून गेली होती. या वेळी मात्र तो थेट मुद्द्यावर आला. त्याच्या देखरेखीखालच्या तीन किनाऱ्यांपैकी निवेघळच्या किनाऱ्यावर, कुंपणात जपलेली कासवांची जवळजवळ सगळी अंडी मेली होती. सावली करणारं यंत्र बिघडलं की वाळूतले तापमापक खोटं बोलतायत, ते त्याला उमगत नव्हतं. आणि सरकारी किनारा मंडळाची चौकशी येऊ घातली होती.

“तू येशील का?” त्याने विचारलं. “तुझं ते वाक्यांचं काम... म्हणजे तसं काही असेलच असं नाही. पण एकदा बघून जा.”

वैजयंतीने दुसऱ्याच दिवशी गाडी काढली.

तिच्या ‘वाक्यांच्या कामा’बद्दल सांगायचं तर ते वर्षभरापूर्वी अस्तित्वातच नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ती पुण्यात इंग्रजी पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक होती. प्रूफं वाचायची, स्वल्पविराम हलवायचे, लेखकाच्या मनात एक आणि कागदावर भलतंच उतरलं असेल तिथे समासात प्रश्न टाकायचा. दादाचा कासवांवरचा प्रबंधही तिनेच तपासला होता. पानोपानी तिने तांबड्या शाईत लिहिलं होतं, ‘काय म्हणायचंय?’ तिच्या दृष्टीने तो रोजचा, साधा प्रश्न होता. दादाला मात्र तो धाकट्या बहिणीने केलेला पाणउतारा वाटला. त्यानंतर त्याने तिला एक ओळही वाचायला दिली नाही. थोड्याच काळात कोणीच कोणाला वाचायला देईनासं झालं, कारण वाचक आले.

वाचक म्हणजे माणूस नव्हे. यंत्राला साध्या इंग्रजीत काय करायचं ते लिहून द्यायचं आणि त्याने ते वाचून करायचं, ही सोय ज्या डबीत असायची तिला लोक वाचक म्हणू लागले. पूर्वी हेच काम करायला संगणकाच्या भाषेत लिहिणारा माणूस बसवावा लागे. आता शीतगृहाचा मुकादमसुद्धा दोन ओळी खरडून द्यायचा आणि पंखे, दारं, पंप त्याबरहुकूम चालायचे. मराठी वाचणाऱ्या वाचकाला अजून मान्यता मिळाली नव्हती, म्हणून सगळा कारभार इंग्रजीतून. पहिल्या पिढीतले वाचक मोठे समजूतदार होते. स्पेलिंग चुकलं, क्रियापद राहिलं, वाक्य अर्धवट सुटलं तरी ‘याला असं म्हणायचं असेल’ असा अंदाज बांधून ते काम उरकायचे. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे. आणि समोरचा समजून घेतोय म्हटल्यावर नीट लिहिण्याचे कष्ट कोण घेणार? चार-पाच वर्षांत कचेऱ्यांमधलं, दवाखान्यांमधलं, विद्यापीठांमधलंसुद्धा इंग्रजी असं झालं की, ते यंत्राखेरीज कोणाला वाचता येऊ नये. वैजयंतीच्या संस्थेने प्रूफं वाचणारा विभागच बंद केला.

मग अंदाज चुकल्याच्या बातम्या यायला लागल्या. कुठे बंदरातल्या गोदामात वाचकाने माणसं आत असताना विषारी धुरी सोडली, कुठे रुग्णाच्या औषधाची मात्रा ‘बहुधा एवढीच असेल’ म्हणून दुप्पट केली. अखेर नियम आला: वाचकाने लिहिलंय तसंच करायचं. वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर थांबून विचारायचं. अर्थ एकच निघत असेल तर तो कितीही विचित्र असो, तोच प्रमाण. या नियमाला लोक ‘लिहिलं तसं’ म्हणायचे. गेल्याच वर्षी पावसाळा संपल्यावर देशभरातले वाचक एका फटक्यात बदलले गेले, आणि घरी बसलेल्या वैजयंतीसारख्यांना पुन्हा बोलावणी आली. सूचना नीट वाचायच्या, लिहिणाऱ्याला विचारायचं, मग खाली सही करायची. मोठ्या कारखान्यांना ही सही सक्तीची होती. कासवांच्या कुंपणाला नव्हती.

निवेघळ हे कड्याच्या पायथ्याशी वसलेलं छोटं गाव. सुरूच्या बनापलीकडे काळसर वाळूचा लांब पट्टा, आणि त्यात जाळीच्या कुंपणाने वेढलेला मोठा चौकोन. दादा कुंपणात गुडघ्यांवर बसून एक घरटं उकरत होता. बहिणीला बघून तो उठला, हात झटकले, प्रवास कसा झाला ते विचारलं आणि परत खाली बसला. मेलेली अंडी तो एकेक करून बाहेर काढून ओळीने मांडत होता. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, काहींना पिवळट डाग पडलेले. हे काम तो गेले कित्येक दिवस करत असावा. त्याची मान उन्हाने करपली होती.

खाली मान घालूनच त्याने तिला सगळं समजावलं. समुद्रातून रात्री मादी येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. कोल्हे-कुत्री खातात म्हणून गावकरी ती अंडी उचलून कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुरतात. पुढचं सगळं वाळूच्या उष्णतेवर. कासवाच्या पिल्लाचं नर-मादीपण रक्तातून ठरत नाही, वाळू किती तापली त्यावर ठरतं. तीस अंशांच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त. आणि पस्तिशीपलीकडे गेलं की पिल्लू अंड्यातच शिजतं. अलीकडे फेब्रुवारीतच उन्हाळा सुरू होत असल्याने दादाने कुंपणावर सरकती सावली बसवली होती, हिरव्या जाळीची. ती कधी पसरायची, कधी गुंडाळायची हे वाचक ठरवायचा. मागच्या हंगामात सगळं सुरळीत पार पडलं होतं.

या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर तो संशोधनाच्या जहाजावर गेला. मधे एकदा गावच्या राखणदाराचा फोन आला की सावली गुंडाळलेली आहे. दादाने त्याला सांगितलं, वाचक बघून करत असेल, हात लावू नका. परत आला तेव्हा वाळूतले तापमापक छत्तीस दाखवत होते आणि जाळी तशीच गुंडाळलेली. त्याने वाचक बंद केला, हाताने जाळी ताणून बांधली. पण तोवर उशीर झाला होता.

“छत्तीस काही खरं नाही,” तो म्हणाला. “इतकं तापलं असतं तर एकही वाचलं नसतं. मागच्या आठवड्यात एका घरट्यातून चांगली टुणटुणीत पिल्लं निघाली. म्हणजे तापमापक गेलेत. आणि मोटारही कुठेतरी अडकली असणार.”

वैजयंतीने सूचना कुठे आहेत ते विचारलं. त्याने सुरूच्या बनातली पत्र्याची खोली दाखवली, कुलूपशब्द सांगितला, आणि अंड्यांकडे वळला. सूचना तपासून घेतल्यात, हेही त्याने जाता जाता ऐकवलं. व्याकरण बघणाऱ्या यंत्राने सगळ्यांवर हिरवी खूण दिली होती.

खोलीत टेबलावर वाचकाची डबी होती आणि जुना पडदा. सूचना मोजक्याच होत्या. वैजयंतीने सवयीप्रमाणे एक कोरा कागद पडद्यावर धरला, खालच्या ओळी झाकल्या आणि एकेक ओळ ओठांत वाचायला सुरुवात केली. जाळी वाऱ्याने फाटते, म्हणून गरज संपताच ती गुंडाळून ठेवावी, ही एक सूचना होती. ती ठीक होती. पुढच्या ओळीवर मात्र तिचं बोट थांबलं.

‘अनटिल द सँड इज नॉट बिलो थर्टी, डू नॉट रिमूव्ह द शेड.’

वाक्य पहिल्यांदा कानाला सरळ वाटलं. मराठी माणसाच्या कानाला ते सरळच वाटणार. वाळू तिसाच्या खाली जात नाही तोवर सावली काढू नको. दादाच्या मनात हेच वाक्य होतं आणि त्याने ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं होतं. पण एखादी गोष्ट घडेपर्यंत थांबायला सांगायचं तर मराठीतल्या ‘तोवर’ला सोबत ‘नाही’ लागतो. इंग्रजीतल्या ‘अनटिल’च्या पोटात तो ‘नाही’ आधीपासूनच असतो. वर आणखी एक ‘नॉट’ घातला की सगळं उलटं होतं: वाळू तिसाच्या खाली आहे तोवर सावली काढू नको, तिसाला पोचली की काढ.

तिने वाचकाच्या जागी बसून सगळा हंगाम मनात फिरवून बघितला. थंडीत वाळू गार होती, तेव्हा त्याने इमानेइतबारे सावली धरली. दादा येऊन बघून गेला असेल, सावली आहे, समाधानाने परतला असेल. फेब्रुवारीत वाळू तिसाला पोचली, सावली काढायला परवानगी झाली, आणि वाऱ्याच्या सूचनेप्रमाणे त्याने जाळी गुंडाळून ठेवली. वाळू पुन्हा तिसाखाली आलीच नाही. मोटार अडकली नव्हती. मागच्या वर्षीच्या समजूतदार वाचकाने हेच वाक्य आपल्या अंदाजाने सुलटं करून घेतलं होतं. या वर्षीच्याने केलं नाही, एवढाच फरक. व्याकरणात तर काही खोट नव्हतीच, हिरवी खूण मिळणारच.

एक कोडं सुटल्याचा जुना, ओळखीचा आनंद तिला झाला आणि तो क्षणभरच टिकला. खिडकीतून दादा दिसत होता. एक अंडं तळहातावर घेऊन तो ते उन्हाकडे धरून बघत होता.

चौकशीत हे वाक्य निघणारच. अंडी कोणी मारली याचं उत्तर एका शब्दात मिळेल आणि तो शब्द दादाने लिहिलेला असेल. बदलण्यापूर्वीचं वाक्य जपून ठेवायची सोय वाचकात होती, पण दादाने ती चालू केलेली नव्हती. वैजयंतीने बराच वेळ त्या ओळीकडे बघितलं. मग तिने बोट पुढे केलं आणि ‘बिलो’आधीचा ‘नॉट’ खोडला.

वाक्य आता निर्दोष होतं. मोटारीत दोष, तापमापकात दोष, असं म्हणत चौकशी संपेल. यंत्र बनवणारे दुरुस्ती करून देतील. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. पण ही काढताना तिला आपण चोरी करतोय असं वाटलं. तरी तिने ती काढलीच.

उन्हं कलल्यावर दादाने बाहेरून हाक मारली. त्याच्या आवाजात काही वेगळंच होतं. ती धावत कुंपणात गेली. दाराजवळच्या एका घरट्यावरची वाळू मधोमध खचली होती आणि खालून राखाडी, ओलसर, नखाएवढ्या डोक्यांची पिल्लं एकमेकांच्या पाठीवर पाय देत वर येत होती. दादा टोपली धरून बसला होता, मोजत होता, मोजणी चुकत होता, परत मोजत होता. आजूबाजूची सगळी घरटी मेलेली.

“मागच्या आठवड्यातलं घरटं कुठलं होतं?” वैजयंतीने विचारलं.

ते कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. म्हणजे जागेचा गुण नव्हे. ही दोन घरटी कोणाची, हे दादाने राखणदाराला फोन करून विचारलं, कारण अंडी उचलताना मादी दिसली तर तिच्या वल्ह्यासारख्या पायातला बिल्ला तो टिपून ठेवायचा. उत्तर ऐकताना दादाचा चेहरा बदलत गेला. दोन्ही घरटी एकाच मादीची होती. पाठीच्या कवचाला खाच असलेली, गावात जिला खाचवाली म्हणतात ती. दोन-एक आठवड्यांच्या अंतराने ती दोनदा येऊन गेली होती.

तो फोन खिशात ठेवून टोपलीतल्या पिल्लांकडे बघत राहिला. मग बोलायला लागला, बहिणीशी की स्वतःशी ते सांगता येऊ नये असा. छत्तीस अंश सोसणारी अंडी कोणी पाहिलेली नाहीत. ही जर खरंच त्या उष्णतेतून आली असतील, तर त्यांच्या आईच्या वंशातच काहीतरी आहे. शिवाय एवढ्या तापलेल्या वाळूतली पिल्लं बहुतेक सगळ्या माद्याच असणार. कासवाची मादी मोठी झाली की आपण जन्मलो त्याच किनारपट्टीला अंडी घालायला येते. किनारे तापत चाललेत, तेव्हा पुढे टिकून राहतील त्या याच.

बोलता बोलता त्याने टोपली खाली ठेवली.

“पण काय उपयोग?” तो म्हणाला. “तापमापकच बिघडलेत. छत्तीस होतं की चौतीस, कशावरून सांगू? यंत्रात दोष आहे म्हटल्यावर हे आकडे कोण धरणार?”

वैजयंती खोलीत परतली. वाक्य पडद्यावर तसंच होतं, सुबक, निर्दोष आणि खोटं. जोवर ते बरोबर दिसत होतं तोवर तापमापक खोटे ठरणार होते, आणि बाहेर टोपलीत धडपडणारी ती पिल्लं निव्वळ एक योगायोग. वाक्य चुकीचं होतं हे दिसलं तरच छत्तीस खरं ठरणार होतं. तिने खोडलेला ‘नॉट’ होता तिथे परत लिहिला. एकदा वाचून पाहिला. मग दादाला आत बोलावलं.

त्याने ओळ वाचली. पुन्हा वाचली. “बरोबर आहे की,” तो म्हणाला.

मग तिने त्याला शाळेत शिकवावं तसं समजावलं. आधी मराठीत म्हणायला लावलं, मग इंग्रजीतल्या ‘अनटिल’ऐवजी ‘नाही तोवर’ घालून म्हणायला लावलं. ‘वाळू तिसाच्या खाली नाही असं होत नाही तोवर,’ असं त्याने अडखळत म्हटलं आणि तो मधेच थांबला. स्टुलावर बसला.

“राखणदाराने फोन केला होता मला,” तो म्हणाला.

“हो.”

“हा शब्द काढता येतो ना?”

“येतो. मी दुपारी काढला होता. आता परत घातला.”

त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. बहिणीने आपल्यासाठी काय केलं आणि मग काय मोडलं, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

“मग माझं काय होईल, वैजू?”

“ते मला ठाऊक नाही, दादा. पण तुझे तापमापक बिघडलेले नाहीत. ते छत्तीस खरं आहे.”

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून टोपली समुद्राकाठी नेली. पिल्लं लाटेच्या ओल्या रेघेपर्यंत तुरुतुरु गेली आणि पाण्यात दिसेनाशी झाली. परतताना दादाने वाचकाच्या डबीवर कागद चिकटवला की चौकशी होईपर्यंत सूचनांना कोणी हात लावू नये, आणि खाली स्वतःची सही केली.

किनारा मंडळाकडून लतिका मगदूम नावाच्या अधिकारी आल्या. त्यांनी काही विचारायच्या आत उदयनने त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि ते वाक्य आपण लिहिलं, कोणाकडून वाचून घेतलं नाही, हे सांगितलं. मगदूमबाईंना चूक कळायलाही वेळ लागला. त्यांनी ते वाक्य तीन जणांना फोनवरून वाचून दाखवलं आणि तिघांनीही त्यात काही वावगं नाही असं सांगितलं. तरी निकाल लागायचा तो लागला. तिन्ही किनाऱ्यांची देखरेख उदयनकडून काढून घेतली गेली. वर्तमानपत्रांनी एका ‘नॉट’ने हजारो कासवं मारल्याचे मथळे दिले. खाचवालीच्या पिल्लांवर संशोधन करायला मात्र मंडळाने त्याला हरकत घेतली नाही, कारण तापमापक निर्दोष असल्याचं आता मंडळाच्याच अहवालात लिहिलेलं होतं.

उदयनने शोधनिबंध लिहायला घेतला. तो एकेक भाग लिहून पुण्याला पाठवायचा आणि वैजयंती समासात प्रश्न टाकायची. काही प्रश्नांना तो लगेच उत्तर द्यायचा, काहींवर दोन-दोन दिवस गप्प राहायचा, आणि एकदा तर त्याने वैतागून फोन आपटला. पण भाग येत राहिले. घरटी तापली कशी, हे सांगताना ते मूळ वाक्य जसंच्या तसं द्यायला हवं, यावर मात्र दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं. ते दिल्याशिवाय छत्तीस अंशांवर कोणी विश्वास ठेवला नसता.

परदेशातल्या एका नियतकालिकाने निबंध स्वीकारला. छपाईआधीचं प्रूफ आलं. वैजयंतीने कागद धरून ओळ न् ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. अवतरणातलं वाक्य कोणीतरी सुधारलं होतं. ‘नॉट’ गायब. नियतकालिकाचं प्रूफ यंत्रच तपासत होतं, आणि त्याला लेखकाच्या मनातलं बरोबर कळलं होतं. तिने ‘नॉट’ परत घातला, पाठवला. दुसऱ्या प्रूफात तो पुन्हा नाहीसा झाला. तिसऱ्यातही. उदयन फोनवर हसायला लागला. ती घटना घडल्यापासून तिने त्याला पहिल्यांदा हसताना ऐकलं. वैजयंतीला मात्र हसू येत नव्हतं. बिनचूक वाक्यांची तिने आयुष्यभर कदर केली होती, आणि आता एक चुकीचं वाक्य चुकीचंच छापून यावं म्हणून ती एका यंत्राशी भांडत होती. तिसऱ्या वेळी तिने तीच दुरुस्ती केली आणि सोबत खरमरीत पत्र जोडलं.

या खेपेला प्रूफ यायला उशीर लागला. उघडलं तर ‘नॉट’ जागेवर होता आणि त्याच्या शेजारी समासात एक टिपण. यंत्र टिपणं लिहीत नसे, ते सरळ बदल करून मोकळं होई. हे कोणा माणसाने लिहिलं होतं, खाली नावाची दोन आद्याक्षरं होती. लिहिणाऱ्याने विचारलं होतं: हा शब्द ठेवला तर वाक्याचा अर्थ उलटा होतो, लेखकाला असंच म्हणायचं आहे का?

वैजयंतीने ते टिपण दोनदा वाचलं. कुठल्या शहरात, कुठल्या टेबलाशी ते माणूस बसलं असेल, तरुण असेल की म्हातारं, कशाने त्याचं बोट याच ओळीवर थांबलं असेल, याचा ती कितीतरी वेळ विचार करत राहिली. मग तिने उदयनला फोन लावला, टिपण वाचून दाखवलं आणि उत्तर काय लिहू म्हणून विचारलं.

तो सांगत गेला तसं तिने समासात लिहिलं: ‘होय. अर्थ उलटाच आहे. तसंच घडलं.’